‘कोणी केलं?’पासून ‘कसं झालं?’पर्यंत : लहान मुलांना जमिनीची घडण समजावताना

“मॅडम, सातपुडा कोणी टाकला?”

पहिलीतल्या एका मुलाने हे विचारलं, तेव्हा आधी मला प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आलं. त्याच्या घरासमोर रस्त्याचं काम चालू होतं. रोज डंपर यायचा, मुरूम टाकून जायचा. ढीग म्हणजे कोणीतरी टाकलेला असतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या खान्देशातल्या शाळेच्या उत्तरेला दिसणारा सातपुडा म्हणजे खूप मोठा ढीग, तर तो टाकणाराही तेवढाच मोठा असणार. तर्कात काहीच चूक नव्हती. एखादी गोष्ट कोणी न करताही होऊ शकते, एवढंच त्याला अजून भेटलं नव्हतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी शंभरेक वर्षांपूर्वी हीच गोष्ट टिपून ठेवली आहे. लहान मुलं नदी, डोंगर, चंद्र, सूर्य हे सगळं कोणीतरी बनवलेलं आहे असं धरून चालतात. म्हणून पाच ते आठ वर्षांच्या मुलाला ‘खडक कसे तयार होतात’ हे सांगायला बसलो की ते ऐकतं, मान हलवतं, आणि शेवटी विचारतं, “पण केले कोणी?” आधी ‘होणं’ समजायला हवं. ज्वालामुखी नंतर.

यासाठी आपल्या भाषेनेच मोठी सोय करून ठेवली आहे. फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, साचणं-साचवणं, वितळणं-वितळवणं, घडणं-घडवणं. प्रत्येक जोडीत एक शब्द आपोआप होण्याचा आणि दुसरा कोणीतरी करण्याचा. या जोड्या मुलाला बोलताना येतातच, फक्त त्याचं तिकडे लक्ष वेधायचं असतं. पुढे दिलेलं सगळं दोन-तीन आठवड्यांत करायचं आहे, रोज वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. घरी करता येतं, अंगणवाडीत करता येतं, वर्गातही.

आधी स्वयंपाकघर

पहिले दोन दिवस फक्त एक खेळ. एकेका वस्तूकडे बोट दाखवायचं आणि विचारायचं, ‘केलं की झालं?’ भाकरी? केली. पाटा? केला. दुधावरची साय? इथे मूल थांबतं. साय कोणी करत नाही, साय येते. कळण्याच्या भाकरीवरचा करपलेला डाग? पडला. अंगणातल्या ओट्याला गेलेली भेग? गेली.

दह्यावर मात्र जास्त वेळ थांबा. मुलं हमखास म्हणतात, “आईने केलं.” मग विचारायचं, आईने नेमकं काय केलं? कोमट दुधात विरजण लावलं आणि झाकून ठेवलं. मग आई झोपली. रात्रभर कोण काम करत होतं? माझ्या वर्गात यावर एकदा अर्धा तास वाद झाला आणि मी तो थांबवला नाही. ‘आईने दूध ठेवलं, पण दही लागलं’ हे वाक्य शेवटी एका मुलीनेच काढलं. जमिनीच्या गोष्टीतही पुढे हेच येणार आहे: योग्य सामान, योग्य परिस्थिती आणि भरपूर वेळ एकत्र आला की वस्तू घडते.

मुलाच्या घरात अहिराणी असेल तर प्रश्न अहिराणीतच विचारा: “हाई कसं व्हयनं?” चोपडा, यावल किंवा नंदुरबारच्या पाड्यावरची मुलं असतील तर भिली-पावरीत ‘झालं’ला काय म्हणतात ते त्यांनाच विचारा आणि तो शब्द फळ्यावर लिहा. ज्या शब्दात मूल विचार करतं त्याच शब्दात ही कल्पना रुजते.

आणि एक अवघड जागा आहे. घरी आजी म्हणते, “देवाने केलं.” मुलासमोर आजीला खोडून काढू नका. मी एवढंच विचारते, “मग देवाने कसं केलं असेल, ते शोधू या का?” आजीचाही मान राहतो आणि मुलाचा शोधही थांबत नाही. पुष्कळदा आजीच पुढे सरकून ऐकते.

विहीर खणतो त्या क्रमाने

पुस्तकात गोष्ट तप्त लाव्ह्यापासून सुरू होते आणि मातीवर संपते. लहान मुलांना ती उलटी सांगा. विहीर खणताना जे आधी लागतं ते आधी: वर काळी माती, तिच्याखाली कुठे चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग कातळ. पायाखालच्या मातीपासून सुरुवात केली की मूल ओळखीच्या गोष्टीकडून अनोळखी गोष्टीकडे जातं.

आपलं गाव कुठे आहे हेही पाहा. साक्री किंवा पारोळ्याच्या बरड शिवारात हातभर खणलं की मुरूम आणि मग खडक लागतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात तापीच्या खोऱ्यातला गाळ कित्येक ठिकाणी शंभर मीटरहून जास्त खोल आहे. तिथल्या मुलाला ‘खाली खडक आहे’ असं सांगितलं, तर त्याच्या वडिलांच्या बोअरने तो कधी पाहिलेलाच नसतो. तिथे गाळावर जास्त दिवस द्या.

पहिला थर : काळी माती आणि बरणी

सामान: एक लिटरच्या दोन पारदर्शक प्लास्टिकच्या बरण्या (काचेच्या नकोत, मुलं त्या हलवणार आहेत), शेतातली वाळलेली काळी माती, नदीची मूठभर वाळू, थोडा बारीक चाळलेला मुरूम, कपडे धुण्याची पावडर.

ढेकळं फोडून माती बारीक करा. वाळू मिसळा. पहिल्या बरणीत एक तृतीयांश माती, वर चार बोटं जागा सोडून पाणी, अर्धा चमचा पावडर. पावडरीमुळे मातीचे चिकटलेले कण सुटे होतात. झाकण घट्ट लावा आणि मुलांना आळीपाळीने दोन मिनिटं जोरात हलवू द्या. ठेवण्याआधी विचारा, “खाली काय बसेल?” उत्तर आलं की बरणी खिडकीत ठेवा.

एक मिनिटात वाळू तळाशी बसते. तिथे बरणीवर पेनाने रेघ मारा. तासा-दोन तासांत तिच्यावर बारीक गाळाचा थर येतो, तिथे दुसरी रेघ. आणि पाणी? गढूळच. काळ्या मातीतली चिकणमाती इतकी बारीक असते की दुसऱ्या दिवशीही पाणी निवळत नाही, कधी तिसऱ्या दिवशीही नाही. रोज सकाळी एकेका मुलाने रेघ मारून तारीख घालायची. जड आधी बसतं, हलकं नंतर, आणि हे वेगवेगळं कोणी निवडून ठेवलेलं नाही, एवढं त्या रेघांवरून मुलं स्वतः सांगतात.

दुसऱ्या बरणीला नंतर हात लावायचा नाही. तिच्यात आधी वाळू-माती बसू द्या, पाणी निवळलं की चमच्याने मुरुमाचा भुगा हळूच सोडा. तो बसला की पुन्हा काळी माती. तीन रंगांचे तीन थर दिसतात. सगळ्यात जुना कोणता, हे विचारा. पाच वर्षांचं मूल खालच्या थरावर बोट ठेवतं, न शिकवता. भूविज्ञानातला एक मूलभूत नियम त्याने तेवढ्यात वापरलेला असतो. दोन बरण्या लागतात त्या यासाठीच. एकच असेल तर कोणीतरी ती हलवणारच.

आता तापीची गोष्ट सांगा. ती मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते, ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत सुरतजवळ समुद्राला मिळते. सातपुड्याकडून सुकी, मोर, अनेर या नद्या येतात. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. प्रत्येकीच्या पाण्यात थोडी माती असते. पूर ओसरला की ती बसते. आपलं शिवार म्हणजे न हलवलेली, फार मोठी बरणी.

उन्हाळ्यात आणखी एक प्रयोग अगदी सोपा आहे. एका ताटात काळ्या मातीचा चिखल, दुसऱ्यात ओली वाळू, दोन्ही एकसारखे पसरून उन्हात ठेवा. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात दोन दिवसांत काळ्या मातीला जाळीसारख्या भेगा पडतात, वाळूला पडत नाहीत. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. ज्या मुलांनी आईबरोबर गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले आहेत, ती लगेच म्हणतात, “बिबड्यासारखं आकसलं.” मग शेतात न्या आणि भेगेत काडी घालून खोली मोजू द्या.

दुसरा थर : कुजलेला दगड

‘दगडाची माती झाली’ यावर मुलांचा विश्वास बसत नाही, आणि ते बरोबरच आहे. दगड म्हणजे न बदलणारी वस्तू असं आपणच त्यांना शिकवतो. इथे बोलण्यापेक्षा हातात द्या. गावाजवळच्या नाल्याच्या काठावरून किंवा घरपायासाठी खणलेल्या मातीतून तीन वस्तू आणा: घट्ट काळा दगड, बोटांनी भुगा होणारा मुरूम, आणि माती. मुलांना त्यांचा क्रम लावू द्या. मुरूम चुरताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

विहीर खणणारे लोक ‘दगड कुजलाय’ म्हणतात. हा शब्द अचूक आहे, तोच वापरा. पाणी फटीत शिरतं, ऊन तापवतं, रात्री दगड थंड होतो, झाडाची मुळं फट रुंद करतात, पाणी दगडातलं काहीबाही विरघळवून नेतं. रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीत कधी कधी गोल गोल दगड दिसतात, त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात. कुजणं बाहेरून आत चाललं आहे, हे त्यात स्पष्ट दिसतं. फोटो काढून आणा, मुलांना दरडीखाली उभं करू नका. विहिरीच्या काठावर तर मुळीच नाही.

तिसरा थर : कातळ आणि तूप

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, आणि तो हिवाळ्यातच करावा लागतो. उन्हाळ्यात खान्देशात तूप गोठतच नाही.

लोणी कढवून झालं की गरम तूप दोन वाट्यांत मोठ्या माणसाने ओतावं. एक वाटी थंड पाण्याच्या परातीत ठेवायची, दुसरी कापडात गुंडाळून डब्यात. दुसऱ्या दिवशी दोन्ही बोटाने चाखायची. पटकन थंड झालेलं तूप मऊ, गुळगुळीत. हळूहळू थंड झालेलं रवाळ. आई-आजीला हे नेहमीच माहीत असतं. मुलांना फक्त पुढचं वाक्य नवीन असतं: आपला काळा कातळही एकेकाळी असाच पातळ होता आणि थंड होऊन गोठला.

जमिनीवर पसरलेला लाव्हा तसा लवकर थंड झाला, म्हणून पाटा-वरवंट्याच्या काळ्या दगडात रवे नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. जो लाव्हा खाली भेगेतच अडकून हळू थंड झाला, त्याचा दगड जास्त रवाळ असतो. धुळे-नंदुरबारच्या माळावर भिंतीसारख्या सरळ, लांबच लांब टेकड्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळ म्हणजे अशा भरलेल्या भेगाच आहेत. आजूबाजूचा दगड झिजून गेला, भेगेतला टणक दगड भिंतीसारखा उभा राहिला. ‘कोणत्या राजाने बांधली?’ असं मुलं या टेकड्यांबद्दल विचारतात. ‘केलं की झालं’ हा खेळ इथे पुन्हा खेळा.

चित्र काढताना एक सावधगिरी. टोकदार डोंगराच्या शेंड्यातून उडणारी आग काढू नका. दख्खनचा बहुतेक लाव्हा असा एका शिखरातून उडाला नाही, लांबलचक भेगांमधून पसरला. एकावर एक असे थर साचत गेले. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या घाटात गाडीच्या खिडकीतून हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. मधून मधून लाल पट्टाही दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा दगड कुजून माती होऊ लागली होती. असे बरेचसे पट्टे त्या मातीचे आहेत. दोन पोळ्यांमध्ये पसरलेलं सारण जसं.

दगडातले पांढरे ठिपके

रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात मुलांना पाच मिनिटं सोडा, वाहनं नसतील अशा जागी. ‘पांढरे ठिपके असलेला दगड शोधा’ एवढंच सांगा. मिळतोच.

ढोकळा कापून दाखवा: आत भोकं आहेत, कारण वाफ आणि वायू बाहेर पडत होते. लाव्ह्यातही वायू होता, तो वर येताना दगडात पोकळ्या राहिल्या. नंतर त्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यात विरघळलेलं हळूहळू रव्यांच्या रूपात आत जमलं. ते हे पांढरे ठिपके. मोठी पोकळी असेल तर आत चमकदार स्फटिक वाढतात. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींतून निघालेले अपोफिलाइट, स्टिलबाइट असे स्फटिक जगभरातले संग्राहक जपून ठेवतात.

असे स्फटिक कसे वाढतात हे दाखवायला तुरटी. किराणा दुकानातली तुरटी कुटा. वाटीभर गरम पाण्यात विरघळेल तेवढी विरघळवा, गाळा, आणि वाटीवर काडी आडवी ठेवून तिला बांधलेला दोरा आत सोडा. हलवू नका. दोन-तीन दिवसांत दोऱ्यावर खडे दिसू लागतात, आठवड्यात चांगले टपोरे होतात. त्यांच्या बाजू सपाट, कोपरे धारदार. मुलांना खात्रीच वाटते की हे कोणीतरी कापलंय. कोणी कापलेलं नाही, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. तोंडात घालायचे नाहीत, एवढं आधीच बजावा.

किती वर्षांपूर्वी?

‘खूप खूप वर्षांपूर्वी’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर आजीचं लहानपण येतं. आकडा सांगून काही उपयोग नाही, तो दिसला पाहिजे. माझ्याकडे यासाठी दादर ज्वारी आहे. एक दाणा म्हणजे एक वर्ष.

मुलाच्या हातावर त्याच्या वयाचे दाणे ठेवा, सहा. आजीचे सत्तर मोजा, तळहाताच्या खळग्यात मावतात. शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्याला चारशेच्या आसपास दाणे, मूठही भरत नाही. अजिंठ्याची पहिली लेणी कोरली त्याला दोन हजारांहून थोडे जास्त, म्हणजे अर्धी वाटी. इथपर्यंत मुलं मोजायला उत्सुक असतात.

मग त्यांना ज्वारीच्या पोत्यांजवळ न्या, कोणाच्या घरी किंवा बाजार समितीत. लाव्हा पसरला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. हजार दाण्यांचं वजन ३० ग्रॅम धरलं, तर ६.६ कोटी दाणे म्हणजे १,९८० किलो. क्विंटलाची वीस पोती. हातातले सहा दाणे आणि समोरची वीस पोती, मध्ये एक शब्दही बोलू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने हातातले दाणे जपून खिशात ठेवले होते.

डायनासोर तेव्हा होते का, हा प्रश्न येणारच. होते. त्याच सुमारास ते संपले. मोठी उल्का आदळल्याचा खड्डा मेक्सिकोत सापडला आहे. एवढं सांगून पुढे जा, नाहीतर उरलेला आठवडा डायनासोरच घेऊन जातील.

सहल : अजिंठा

जळगावहून सुमारे साठ किलोमीटर. पण लेण्यांत शिरण्याआधी मुलांना समोरच्या दृश्यबिंदूवर उभं करा, तिथून घोड्याच्या नालेसारखी वळलेली दरी पूर्ण दिसते. आणि तोच खेळ खेळा. हा कातळ? झाला, लाव्हा गोठून. ही दरी? झाली, वाघूरने कोरत नेली. आणि ही लेणी? केली. माणसांनी, छिन्नी-हातोड्याने, पिढ्यान्‌पिढ्या. तीन उत्तरं एकाच जागेत मिळतात, म्हणून ही सहल शेवटी ठेवा. आधीचं काही न करता नेलं तर मुलांना फक्त माकडं आणि बिस्किटं आठवतात.

भीती वाटली तर

हे मी माझ्या चुकीतून शिकले. अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याबद्दल बोलताना मी वर्गात म्हणाले, “खाली आग आहे, तिने पाणी तापतं.” दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई आली. पोर रात्रभर झोपली नव्हती, जमिनीवर पाय ठेवायला तयार नव्हती.

आता मी असं सांगते: जमिनीत जसजसं खोल जावं तसतसं गरम होत जातं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. पावसाचं पाणी भेगांतून फार खोल जातं, तापतं, आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. तिथे आगीचा डोह नाही. लाव्हा कधीच थंड झाला आहे, वीस पोती वर्षांपूर्वी. त्यावर आपण घरं बांधली, त्याचाच पाटा केला. असं सांगितल्यावर मुलं घाबरत नाहीत. त्या मुलीने नंतर घरी जाऊन पाट्याला हात लावून पाहिला आणि “थंड आहे” असं मला येऊन सांगितलं.

कळलं की नाही, हे कसं पाहायचं

प्रश्नपत्रिका नको. मुलाला धाकट्या भावंडाला किंवा आजोबांना समजावून सांगायला लावा आणि तुम्ही बाजूला बसून फक्त क्रियापदं ऐका. ‘टाकला’, ‘बनवला’ यांच्या जागी ‘साचला’, ‘गोठला’, ‘कुजला’, ‘बसला’ येऊ लागलं, तर काम झालं. पुष्कळदा दोन्ही मिसळून येतात: ‘नदीने माती आणून ठेवली आणि मग ती बसली.’ हे चालतं. सहा वर्षांच्या मुलाला नदी जिवंत वाटते, वाटू द्या.

बरण्या फेकून देऊ नका. त्या खिडकीतच असू द्या. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की नाल्याचं गढूळ पाणी मोठ्या माणसाने तांब्यात भरून आणावं, दुसऱ्या बरणीतलं वरचं निवळ पाणी काढून ते हळूच ओतावं, आणि मुलाच्या हातात रेघ मारायला पेन द्यावं.